हुकूम, अर्ज आणि विनंती

‘हुकूम’ आणि ‘अर्ज’ हे शब्द आमच्या जुन्नर-आंबेगांव भागांत इतके मुरले आहेत कीं, ते मूळचे अरबी, असें सांगितल्यास शेतकऱ्यास खरें वाटणार नाहीं. फारशी दफ्तरांच्या वाटेनें ते मराठींत आले. १४९० सालीं मलिक अहमदानें जुन्नरास निजामशाहीचा पाया घातला. तेव्हांपासून वरून उतरे तो हुकूम आणि खालून चढे तो अर्ज.

पुढें १६३० सालीं येथल्याच शिवनेरीवर जन्मलेल्या शिवछत्रपतींनीं रघुनाथपंतांकडून राजव्यवहारकोश करविला. फारशी शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द योजावे, हा त्याचा हेतु. मराठी दफ्तरांतही ही पायरी बारकाईनें सांभाळलेली दिसते. हाताखालच्यास लिहिलेल्या पत्रांत ‘आज्ञा केली ऐसीजे’ असा आरंभ, ‘पाठविणें’, ‘करणें’ अशीं क्रियापदें आणि शेवटीं ‘जाणिजे’. बरोबरीच्यास ‘विनंती’, धन्यास ‘विज्ञापना’. मजकूर न वाचतां नुसता मायना पाहिला, तरी कोण कोणापुढें उभा आहे, हें कळे.

स्पॅनिश भाषेंत हुकमास ‘मांदार’ व मागण्यास ‘पेदिर’ हीं क्रियापदें आहेत. पण पुढील पोटवाक्याचें क्रियापद दोहोंनंतर एकाच रूपांत येतें. आपलेंही तसेंच. ‘त्यानें यावें असें फर्माविलें’ आणि ‘त्यानें यावें अशी विनंती केली’, यांत ‘यावें’ तेंच राहतें. अधिकाराचा सारा भार शेवटच्या शब्दावर. (हें ‘फर्माविणें’ही फारशीच, बरें का!) त्या शब्दाची निवड चुकली, तर विनवणीचा उर्मटपणा होतो.

१८१८ सालीं पेशवाई गेली, दफ्तर इंग्रजांचें झालें. हुकूम आणि अर्ज मात्र राहिले. कोशकारांना ते हटवितां आले नाहींत, इंग्रजांनीं हटविण्याची तसदी घेतली नाहीं. आजही घोडेगांवच्या तहसील कचेरींत द्यावयाच्या कागदावर मथळा असतो ‘विनंती अर्ज’. एक शब्द आपला, एक परका, आणि दोन्ही वांकलेले! निवृत्त मास्तर म्हणून असे कागद मजकडून पुष्कळ लिहून घेतले जातात. २००५ च्या कायद्यानें माहिती मागणें हा नागरिकाचा हक्क ठरला. तरी त्या कागदासही नांव ‘अर्ज’च. अशा कागदांत मी ‘कृपा व्हावी’ हें गाळतों आणि ‘माहिती द्यावी’ एवढेंच लिहितों. लिहून घेणारा कचरतो. साहेब रागावतील, म्हणतो. ‘मागणें’ हें क्रियापद मोठें सोईचें आहे: भिक्षेकरीही मागतो, सावकारही मागतो. आपण यांपैकीं कोणासारखें मागत आहों, एवढें त्याला समजावून सांगण्यांतच माझा अर्धा तास जातो.