राखेचा बुधवार : प्रायश्चित्ताच्या एका खुणेचे स्थित्यंतर

कॅथॉलिक पंथीयांचा प्रायश्चित्तकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. मुळात हा काळ सहा आठवड्यांचा होता. रविवारी उपवास होत नसल्याने उपवासाचे दिवस ३६च भरत. चाळीसची संख्या पूर्ण करण्यासाठी सुमारे सातव्या शतकात आधीचे चार दिवस जोडले गेले व आरंभ बुधवारी आला.

राख मात्र प्रारंभी सर्वांसाठी नव्हती. गंभीर पापाबद्दल जाहीर प्रायश्चित्त घेणाऱ्यास जाडेभरडे वस्त्र देऊन, मस्तकावर राख टाकून चर्चबाहेर काढले जाई आणि पवित्र गुरुवारी पुन्हा समुदायात घेतले जाई. राख ही एका अर्थी बहिष्काराचीच खूण होती. जाहीर प्रायश्चित्ताची प्रथा क्षीण होत गेली, तशी ही खूण सर्वांची झाली. इ. स. १०९१च्या बेनेव्हेंतो येथील धर्मपरिषदेने धर्मगुरू व सामान्य भाविक, दोघांनाही राख घेण्यास सांगितले. दोषी आणि निर्दोष यांतील दृश्य भेद पुसला गेला, म्हणूनच हा विधी टिकला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ही राख केली जाते. ती लावताना मनुष्य धूळ असल्याचे स्मरण दिले जाते. १९७०च्या रोमन मिस्सा-ग्रंथाने पश्चात्तापाचे आवाहन करणारे पर्यायी वचनही दिले. विधी चालविणारा धर्मगुरू स्वतःही ती राख घेतो.