झाडाचे वजन आले कोठून?

१/५
झाड माती खाऊन वाढते, ही समजूत ॲरिस्टॉटलपासून चालत आलेली. १७व्या शतकात ब्रुसेल्सचा वैद्य यान व्हान हेल्मोंट याने ती तराजूत घातली.

२/५
कुंडीत वाळवलेली २०० पौंड माती आणि ५ पौंडांचे विलोचे रोप. वरून केवळ पाणी. पाच वर्षांनी झाड भरले १६९ पौंड. माती घटली जेमतेम २ औंस!

३/५
‘हे सारे पाण्यातून आले’, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ मध्ये, तो प्रसिद्ध झाला. दैवदुर्विलास असा, की ‘गॅस’ हा शब्द घडवणारा हाच. जळत्या कोळशातून निघणारा वायू त्याने ओळखला होता. झाड तोच वायू घेऊन वाढते, हे मात्र उमगले नाही.

४/५
१७७१ मध्ये प्रीस्टलीला दिसले, की मेणबत्तीने बिघडलेली हवा पुदिना पुन्हा शुद्ध करतो. १७७९ मध्ये इंगेनहाउझने दाखवले, की हे काम हिरवे भागच करतात आणि तेही उजेडातच.

५/५
१८०४ मध्ये द सोस्यूरने हिशेब जुळवला : कार्बन हवेतला, उरलेल्या वजनात पाण्याचा मोठा वाटा. हेल्मोंटचे मोजमाप चोख होते. त्याने फक्त हवा तोलली नव्हती.