डोक्यावरचे आकाश कोणाचे? : उद्यानांतील ड्रोनबंदीचा पूर्वेतिहास

१८२२ साली न्यूयॉर्क राज्याच्या न्यायालयापुढे ‘गिल विरुद्ध स्वान’ नावाचा एक दावा आला होता. गिल हा बलूनमधून आकाशात जाणारा उड्डाणपटू. त्याचे बलून स्वानच्या बागेत उतरले आणि बटाट्यांच्या व मुळ्यांच्या वाफ्यांवरून काही अंतर फरफटत गेले. ते पाहायला आणि गिलच्या मदतीला म्हणून दोनशेंहून अधिक माणसे कुंपण मोडून आत शिरली. भाज्या तुडवल्या गेल्या, फुलेही गेली. बलूनने केलेले नुकसान पंधरा डॉलरच्या आसपास होते. गर्दीने केलेले त्याहून पुष्कळ अधिक. गर्दीच्या पावलांना आपण जबाबदार कसे, असा गिलचा सवाल होता. न्यायालयाने मात्र ९० डॉलरची सगळी भरपाई त्याच्याच माथी मारली. उड्डाण करणे हा गुन्हा नव्हे. पण बलून कुठे उतरेल हे उडवणाऱ्याच्या हाती नसते, आणि ते उतरेल तिथे लोक धावणार हे त्याने आधीच ओळखायला हवे, असा तो न्याय होता.

या निकालाला दोनशे वर्षे उलटून गेली. हौसेखातर आकाशात काही सोडणाऱ्याचा हक्क कुठवर आणि खाली असणाऱ्यांचा कुठवर, हा त्यातला प्रश्न मात्र जुना झालेला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून हौशी ड्रोन उडवण्यास बंदी आहे. या बंदीची चर्चा बहुधा नव्या यंत्राची कथा म्हणून होते. आमच्या मते तो एका जुन्या वादाचा अलीकडचा अध्याय आहे. हा वाद जमिनीच्या मालकीपासून निघाला आणि शांततेवरच्या हक्कापर्यंत येऊन ठेपला. तो प्रवास कसा झाला, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

ज्याची जमीन त्याचेच तिच्यावरचे आकाश, अगदी स्वर्गापर्यंत, अशा अर्थाचे एक लॅटिन वचन युरोपीय कायद्यात शतकानुशतके चालत आले. बोलोन्याचा तेराव्या शतकातील भाष्यकार अकुर्सियस याच्याशी ते जोडले जाते. माणूस उडत नव्हता तोवर हे वचन निरुपद्रवी होते; शेजाऱ्याच्या झाडाची फांदी किंवा छपराची वळचण यापलीकडे त्याचा उपयोग नव्हता. विमान आले आणि त्याचा अर्थ अचानक भयंकर झाला. ते अक्षरशः खरे मानले तर न्यूयॉर्कहून शिकागोला जाणारे प्रत्येक विमान वाटेतल्या हजारो शेतकऱ्यांच्या हद्दीत घुसखोरी करीत होते.

या पेचाचा निकाल एका कुक्कुटपालकाच्या तक्रारीतून लागला. नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरोजवळ कॉझ्बी कुटुंबाची कोंबड्यांची वाडी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेजारच्या धावपट्टीवर लष्करी विमाने उतरू लागली, आणि ती या वाडीवरून अवघ्या ८३ फुटांवरून जात. घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आदळून मरत. अशा सुमारे दीडशे मेल्या. घरच्यांची झोप उडाली, धंदा बुडाला. १९४६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या खटल्यात दुहेरी निर्णय दिला. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी जुन्या लॅटिन वचनाला आधुनिक जगात जागा नसल्याचे सांगून उंचावरचे आकाश सर्वांच्या प्रवासासाठी मोकळे ठरवले. आणि त्याच वेळी जमिनीच्या उपभोगाला लागणारे लगतचे आकाश जमीनमालकाचेच राहील, असेही म्हटले. हे लगतचे आकाश नेमके किती फुटांचे, हे मात्र न्यायालयाने सांगितले नाही. पुढच्या काळातील ड्रोन याच अनिश्चित पट्ट्यात उडणार होते.

वरच्या आकाशाचा कारभार एकाच यंत्रणेकडे जाण्यास एक अपघात कारणीभूत झाला, आणि तोही एका राष्ट्रीय उद्यानावर. ३० जून १९५६ रोजी लॉस एंजेलिसहून निघालेली दोन प्रवासी विमाने ग्रँड कॅनियनवर एकमेकांवर आदळली आणि १२८ माणसे मरण पावली. त्या भागात उड्डाणावर जमिनीवरून नियंत्रण नव्हते. वैमानिकाने डोळ्यांनी पाहायचे आणि टाळायचे, एवढाच नियम होता. प्रवाशांना दरीचे अधिक चांगले दर्शन घडवण्याच्या प्रयत्नात वैमानिकांचे लक्ष विचलित झाले असावे, ही शक्यताही चौकशी अहवालात इतर शक्यतांबरोबर नोंदवलेली आहे. या अपघाताने जनमत हलले आणि १९५८च्या कायद्याने संघीय हवाई यंत्रणा जन्माला आली. सृष्टीसौंदर्य वरून पाहण्याच्या हौसेला शिस्त लागावी म्हणून पडलेले हे पहिले मोठे पाऊल.

दुसरे पाऊलही त्याच दरीवर पडले. १८ जून १९८६ रोजी पर्यटकांना दरी दाखवणारे एक छोटे विमान आणि एक हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन २५ जण दगावले. पुढच्या वर्षी झालेल्या कायद्याने केवळ सुरक्षिततेचा विचार केला नाही. विमानांच्या आवाजाने उद्यानाच्या नैसर्गिक शांततेवर विपरीत परिणाम होतो, हे त्यात स्पष्टपणे मान्य केले गेले. साहित्याच्या अभ्यासकांनी या क्षणाकडे लक्ष द्यावे असे आम्हांला वाटते. १९१६ साली राष्ट्रीय उद्यान सेवेची स्थापना करणाऱ्या कायद्यात देखावे, वन्यजीव आणि ऐतिहासिक वस्तू पुढच्या पिढ्यांसाठी अबाधित राखण्याची जबाबदारी होती. दिसणाऱ्या गोष्टींची ही यादी. १९८७ साली तिच्यात न दिसणारी, केवळ ऐकू येणारी किंवा खरे तर ऐकू न येणारी एक गोष्ट दाखल झाली. शांतता हीसुद्धा सार्वजनिक मालमत्ता ठरली.

आता ड्रोन या शब्दाकडे वळू. इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ नर मधमाशी, आणि त्यावरून एकसुरी गुंजारव. तंबोऱ्याच्या अखंड षड्जालाही इंग्रजीत हाच शब्द वापरतात. १९३५ साली ब्रिटिशांनी तोफांच्या नेमबाजीच्या सरावासाठी ‘क्वीन बी’, म्हणजे राणी माशी, या नावाचे वैमानिकाविना उडणारे विमान तयार केले; त्या नावाच्या अनुषंगानेच पुढे अमेरिकी नौदलात ड्रोन हे नाव रूढ झाले, असे मानले जाते. म्हणजे या यंत्राच्या नावातच त्याचा आवाज वसलेला आहे.

प्रतिकृती विमाने उडवणाऱ्या हौशी लोकांशी अमेरिकी हवाई यंत्रणेचे संबंध दीर्घकाळ सलोख्याचे होते. १९८१ सालच्या एका सूचनापत्रात ४०० फुटांच्या खाली आणि वस्तीपासून दूर उडवावे, असा केवळ सल्ला होता, दंड नव्हता. २०१२च्या कायद्याने तर हौशी प्रतिकृती विमानांबाबत नवे नियम करण्यास या यंत्रणेला मज्जाव केला. हा विश्वास अनाठायी नव्हता. प्रतिकृती विमान बनवायला महिने लागत, उडवायला शिकायला आणखी काही महिने, आणि तेवढ्यात मंडळातले जाणते लोक नवख्याला शिस्तही शिकवीत. चार पंख्यांच्या तयार ड्रोनने ही उमेदवारीच रद्द केली. दुकानातून आणलेले यंत्र त्याच संध्याकाळी उडू लागले, आणि कॅमेरा असल्यामुळे ते तिथेच उडू लागले जिथे पाहण्यासारखे काही होते.

परिणाम लवकरच दिसले. सप्टेंबर २०१३मध्ये माउंट रशमोर येथील खुल्या प्रेक्षागृहात बसलेल्या लोकांच्या डोक्यांवरून एक ड्रोन फिरले. एप्रिल २०१४मध्ये ग्रँड कॅनियनच्या काठावर सूर्यास्त पाहायला शांतपणे जमलेल्यांसमोर एक ड्रोन घरघरत येरझारा घालत राहिले आणि अखेर दरीत कोसळले. त्याच महिन्यात झायन उद्यानात एका ड्रोनमुळे रानमेंढ्यांचा कळप विस्कळीत झाला आणि पिल्ले मोठ्यांपासून वेगळी पडली. जून २०१४मध्ये सेवेचे संचालक जोनाथन जार्व्हिस यांनी सर्व उद्यानांच्या अधीक्षकांना बंदीचे आदेश काढण्यास सांगितले. ऑगस्टमध्ये यलोस्टोनच्या ग्रँड प्रिझ्मॅटिक या रंगीत उष्ण झऱ्यात एका पर्यटकाचे ड्रोन बुडाले, तेव्हा हे आदेश का काढले हे वेगळे सांगण्याची गरज उरली नाही.

या आदेशाची शब्दरचना लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहे. उद्यानाच्या आकाशात ड्रोन नसावे, असे तो म्हणत नाही. म्हणू शकत नाही, कारण १९५८पासून आकाश दुसऱ्या यंत्रणेच्या अखत्यारीत आहे. उद्यानाच्या जमिनीवरून किंवा पाण्यावरून ड्रोन उडवणे, तिथे ते उतरवणे आणि तिथे उभे राहून ते चालवणे, या तीन क्रियांना मनाई आहे. मोडणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. यंत्र हवेत असले तरी कायदा पकडतो तो उडवणाऱ्याचे जमिनीवरचे पाय. स्वानच्या बागेतही असेच झाले होते. गिलला जाब द्यावा लागला तो आकाशाबद्दल नव्हे, बटाट्यांच्या वाफ्यांबद्दल.

बंदीवरचे आक्षेप हलके नाहीत. ग्रँड कॅनियनवर पैसे घेऊन हेलिकॉप्टरमधून सैर घडवणारे धंदे आजही चालू आहेत, आणि एका हेलिकॉप्टरचा आवाज कितीतरी ड्रोनना झाकून टाकेल. ऐपत असलेल्यांनी दरी वरून पाहायची आणि शंभर-दोनशे डॉलरचे यंत्र घेऊन आलेल्या विद्यार्थ्याने दंड भरायचा, ही विषमता डोळ्यांत भरते. नियमांचा पाया पक्का आहे असेही नाही. सुमारे २५० ग्रॅमहून जड हौशी ड्रोनची नोंदणी डिसेंबर २०१५पासून सक्तीची झाली. एका हौशी उडवणाऱ्याने २०१२च्या कायद्याकडे बोट दाखवून मे २०१७मध्ये ती न्यायालयात रद्द करवून घेतली. त्याच वर्षअखेर संसदेने ती पुन्हा आणली, आणि २०१८मध्ये तो २०१२चा मज्जावच काढून टाकला. तरीही आम्हांला वाटते की या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष हेलिकॉप्टरांनाही आवर घालावा, हा आहे. ड्रोनही उडू द्यावेत, हा नव्हे. एका सवलतीचा अन्याय दुसऱ्या सवलतीने भरून निघत नाही.

कारण ज्यांना तक्रार करता येत नाही त्यांचाही यात वाटा आहे. मिनेसोटात संशोधकांनी अस्वलांच्या शरीरात हृदयाचे ठोके मोजणारी उपकरणे बसवून त्यांच्यावरून ड्रोन उडवले. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अस्वले बहुतेक वेळा जागची हलली नाहीत. त्यांच्या हृदयाचे ठोके मात्र जोरात वाढले. पाहणाऱ्याला वाटावे की काहीच झाले नाही. कॅलिफोर्नियातील बोल्सा चिका या राखीव पाणथळीत मात्र सगळे दिसले. ड्रोनला तिथे मनाई होतीच. मे २०२१मध्ये तिथे एक ड्रोन कोसळले, हजारो सुरय पक्षी घाबरून उडून गेले आणि वाळूवर दीड ते दोन हजार अंडी बेवारस पडून राहिली.

भारतातही वळण २०१४चेच. त्या ऑक्टोबरमध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने खासगी ड्रोन उड्डाणांवर सरसकट बंदी घातली. त्याआधीचा कायदा १९३४चा, आणि त्याच्या व्याख्येप्रमाणे पतंगसुद्धा विमानच. संक्रांतीला गच्चीवर चढणारे सगळेच त्या अर्थाने वैमानिक होते. ऑगस्ट २०२१च्या ड्रोन नियमांनी बंदीऐवजी हिरवा, पिवळा आणि लाल असा आकाशाचा नकाशा आणला. त्याचा पाया मुख्यतः विमानतळापासूनचे अंतर आणि सुरक्षा हा आहे. आवाजाचा विचार त्यात नाही. अभयारण्यांभोवतीच्या परिसंवेदनशील क्षेत्रांच्या अधिसूचनांत मात्र उद्यानावरून विमान किंवा बलून उडवण्यावर निर्बंध आढळतात. आपल्याकडे या विषयाची चर्चा व्हायची असेल तर ती तिथून सुरू व्हावी, असे आम्ही सुचवतो. अभयारण्य हा शब्द आपण रोज वापरतो. पण मिनेसोटातल्या त्या अस्वलांना भय वाटले होते की नाही, हे बाहेरून पाहून कोणालाही सांगता आले नसते.