तळटीप : काकोडकर

लक्ष्मी-विष्णू गिरणीतला जॉबर पाळी सुटल्यावर भाड्याच्या वाचनालयातून ‘एक काकोडकर’ मागतो, असे लेखकाने वर लिहिले आहे. हे चंद्रकांत काकोडकर. त्यांच्या प्रेमकथांचा रतीबच असे. त्यामुळे सोलापूरच्या त्या वाचकाला पुस्तकाच्या नावाशी देणेघेणे नव्हते, यात नवल नाही.

समीक्षकांनी त्यांना फारसे विचारले नाही. दखल घेतली ती कोर्टाने. ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकात ‘श्यामा’ छापून आली. निशिकांत हा कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या नीला, वनिता व श्यामा, एवढाच ऐवज. तरी अश्लीलतेचा खटला गुदरला. मॅजिस्ट्रेटने सोडले, उच्च न्यायालयाने दोषी धरून २५ रुपये दंड ठोठावला. रक्कम किरकोळ, पण काकोडकर दिल्लीपर्यंत लढले आणि १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयात निर्दोष सुटले. निकालाने लेखक वाचला, कथा मात्र वाचली नाही : वाङ्मयीन दर्जा बेताचा असला तरी ती वाचून तरुण पोरे बिघडतील असे नाही, असा त्याचा आशय.

त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’वरून राज खोसलांनी काढलेला ‘दो रास्ते’ झळकला. त्यात राजेश खन्ना आणि मुमताज होते.