विटाळ, वेड आणि साक्ष

ज्यांना शिवल्यावर स्नान करावे, अशांची यादी मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आहे. तीत चांडाळ आहे, तशीच रजस्वलाही आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली ती हीच स्मृती. म्हणून पाळीचा प्रश्न 'बायकांचा खाजगी मामला' म्हणून बाजूला सारणे आपल्या चळवळीला शोभत नाही. त्यातील एका दुर्लक्षित व्यथेचा इतिहास मी येथे मांडते आहे.

पाळीआधीची थोडी चिडचिड पुष्कळ जणींना ठाऊक असते. ही व्यथा त्याहून निराळी. शंभरांतल्या साधारण तीन ते आठ स्त्रियांना पाळीच्या आधी आठवडाभर वा अधिक काळ खोल निराशा, अनावर संताप, कधी जीव देण्याचे विचार घेरतात. पाळी सुरू झाली की काही दिवसांत ते ओसरतात. अशा बाईला समाज कजाग ठरवतो, नाहीतर देवऋष्यापुढे बसवतो.

१९३१ साली न्यूयॉर्कच्या डॉ. रॉबर्ट फ्रँक यांनी या अवस्थेला 'पाळीपूर्व ताण' म्हटले. स्त्री-संप्रेरक शरीरात साचते, असा त्यांचा तर्क होता. काही रुग्णांच्या बीजकोशांवर त्यांनी क्ष-किरणही सोडले. १९५३ साली इंग्लंडमध्ये कॅथरिना डाल्टन व रेमंड ग्रीन यांनी यावर निबंध लिहिला. डाल्टन प्रोजेस्टेरॉन देत. पुढच्या काटेकोर चाचण्यांत तो उपाय टिकला नाही.

१९८७ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या ग्रंथात हा विकार परिशिष्टात आला, तेव्हा अनेक स्त्रीवाद्यांनी विरोध केला. दर महिन्याला वेडी होणारी म्हणून उद्या स्त्रीला नोकरी नाकारतील, ही त्यांची भीती. ती खोटी म्हणता येईल काय? शरीराचे निमित्त करून माणसाला हीन ठरवण्याची रीत आम्हाला कोणी समजावून सांगायला नको.

उत्तर संशोधनातूनच आले. १९९८ साली अमेरिकेत श्मिट आणि सहकाऱ्यांनी औषधाने बीजकोशांचे काम थांबवले. पुष्कळ जणींचा त्रास ओसरला. नेहमीच्याच प्रमाणात संप्रेरके दिल्यावर तो परतला. विकार नसलेल्या स्त्रियांना मात्र तेवढ्याच संप्रेरकांनी काही झाले नाही. म्हणजे दोष संप्रेरकांच्या प्रमाणात नाही. त्यांच्या स्वाभाविक चढउताराला काहींचा मेंदू वेगळा प्रतिसाद देतो. सगळ्या स्त्रीजातीला अस्थिर ठरवणाऱ्यांचा आधारच यात गेला. २०१३ साली या विकाराला ग्रंथात पूर्ण स्थान मिळाले.

आज उपाय आहेत. सेरोटोनिनवर काम करणारी नैराश्याची औषधे येथे लवकर लागू पडतात. काही जणी ती फक्त पाळीआधीच्या पंधरवड्यात घेतात. काही गर्भनिरोधक गोळ्या आणि मानसोपचाराचाही उपयोग होतो. निदान मात्र रक्ततपासणीत होत नाही. स्त्रीने दोन पाळ्यांभर रोज केलेली नोंद हाच पुरावा. स्त्रीची बुद्धी स्थिर नाही, तिची साक्ष घेऊ नये, असे मनूचा आठवा अध्याय सांगतो. येथे तिच्या साक्षीवाचून विज्ञानाचे पाऊल पुढे पडत नाही!

पण ही साक्ष कोणाची ऐकली जाते? २०१९ साली शासकीय समितीसमोर बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्यांच्या तक्रारी निराळ्या होत्या, पण फडात पाळी म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे दंड. पिशवी काढून पाळीपूर्व व्यथाही जात नाही, कारण तिचे चक्र बीजकोशात असते.

म्हणून वस्तीच्या आरोग्यकेंद्रात नोंदीचा कागद हवा आणि तो वाचणारा डॉक्टर हवा. अक्षर येत नसेल तिने रोज एक खूण करावी. तीही साक्षच आहे.