खाजकुइलीची शेंग आणि एक शोधनिबंध

पावसाळा सरला की भोरकडून वरंध घाटाकडे जाताना किंवा वेल्ह्याहून तोरण्याची वाट धरताना झुडपांवर चढलेला एक वेल दिसतो. त्याच्या शेंगांवर तपकिरी, मखमली लव असते. लहानपणी आम्हांला सक्त ताकीद असे, त्या शेंगेला हात लावायचा नाही. तरी कोणीतरी लावायचेच, आणि मग अंगाला शेण चोळून घेत बसायचे. हीच ती खाजकुइली, संस्कृतातली कपिकच्छू.

आमच्याच पारावर एक आजोबा बसत. त्यांचा हात सारखा थरथरे, पाऊल लवकर उचलत नसे, बोलणे पुटपुटल्यासारखे झाले होते. "वय झालं," एवढेच गावाचे निदान. त्या शेंगेचा आणि त्या हाताचा काही संबंध असेल, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

या आजाराला आयुर्वेदात कंपवात म्हणतात. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये त्यावर निबंध लिहिला, म्हणून तो पार्किन्सन. त्याचे मर्म कळायला मात्र १९६० साल उजाडावे लागले. या रुग्णांच्या मेंदूच्या काही भागांत डोपामिन हे द्रव्य फार कमी झालेले असते, असे व्हिएन्नात होर्निकीविझ यांना आढळले. डोपामिन बाहेरून दिले तर मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरते आणि आत गेल्यावर त्याचे डोपामिन होते. १९६७ मध्ये अमेरिकेत कोट्झियास यांनी ते रुग्णांना देऊन गुण दाखवला.

आता गंमत पाहा. हेच लेव्होडोपा मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच वेगळे काढले होते, आणि तेही खाजकुइलीच्या बियांतून! म्हणजे वेल आपल्या कुंपणावर, द्रव्य आपल्या प्रयोगशाळेत, आणि तरी तीस वर्षे कोणाचा थरथरता हात थांबला नाही. आपल्या ग्रंथांतही या बीचे कौतुक होते, पण ते मुख्यतः बल आणि वाजीकरण यांसाठी.

हे दुवे मुंबईत जुळले. १९७८ मध्ये 'न्यूरॉलॉजी इंडिया' या नियतकालिकात डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला: पार्किन्सनच्या रुग्णांवर खाजकुइलीचा उपचार. लेखकांत शेवटचे नाव होते डॉ. नोशीर वाडिया यांचे. याच वाडियांनी १९७१ मध्ये डॉ. स्वामी यांच्याबरोबर 'ब्रेन' या नियतकालिकात नऊ भारतीय कुटुंबांची हकीकत मांडली होती. चालताना तोल जाणे आणि डोळ्यांची हालचाल मंदावणे हा त्यांचा आनुवंशिक आजार. त्याचे जनुक १९९६ मध्ये सापडले, आणि या आजाराच्या काही रुग्णांत पार्किन्सनसारखी लक्षणे दिसतात हेही पुढे कळले.

वाडिया २०१६ मध्ये गेले. त्यांच्या निबंधांची यादी पाहताना मला एक गोष्ट जाणवते. समोर आलेले कुटुंब असो की रानातली वेल, नीट पाहायचे, मोजायचे आणि लिहून ठेवायचे. "आमच्याकडे हे पूर्वीपासून होतेच," असे म्हणणे सोपे असते. किती रुग्णांना दिले, किती मात्रेत दिले, गुण आला का, त्रास काय झाला, हे लिहिले की मगच दुसरा माणूस ते तपासू शकतो. तसे ते तपासलेही गेले. १९९५ मध्ये या बियांच्या चूर्णाची ६० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. २००४ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी आठच रुग्णांवर, पण काटेकोर पद्धतीने, नेहमीच्या गोळीशी तुलना केली. चूर्णाचा परिणाम लवकर सुरू झाला आणि अधिक वेळ टिकला.

म्हणून उद्या कोणी घाटातून बिया गोळा करून घरी कुटू नयेत. प्रत्येक बीत द्रव्य सारखे नसते, आणि आधीच गोळ्या चालू असतील तर मात्रा चुकून अपाय होतो. हा आजार मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही. पण हालचाल सुकर करणारे आहे.

आमच्या पारावरच्या आजोबांना वेल मिळाली नाही याचे मला दुःख नाही. त्यांना निदानच मिळाले नाही, याचे आहे. तुमच्या घरात कोणाचा हात स्वस्थ बसला असतानाही थरथरत असेल, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. एकदा डॉक्टरांना दाखवा.