आडनाव डब्याचं, नाव पोर्टरचं

वनस्पती तुपाला आपल्याकडे सर्रास डालडा म्हणतात, मग डब्यावर छाप कुठलीही असो. अमेरिकेत झोपायची सोय असलेल्या रेल्वेडब्याचं असंच झालं. त्याला लोक ‘पुलमन’ म्हणू लागले.

जॉर्ज मॉर्टिमर पुलमन (१८३१–१८९७) आधी लाकडी फर्निचर बनवायचा. वडिलांकडून मात्र त्याने भलतीच विद्या उचलली होती: उभीच्या उभी इमारत वर घेण्याची. चिखलाने बेजार शिकागोत रस्ते उंच केले, तेव्हा घरं खड्ड्यात राहू नयेत म्हणून पायाखाली स्क्रू-जॅक लावत. एका इशाऱ्यावर सगळे गडी ते फिरवत आणि इमारत तसूतसूने चढे. त्याच सुमारास, १८५९ मध्ये, त्याने रेल्वेचे दोन साधे डबे झोपण्याजोगे करून दिले.

शयनयानं त्याच्या आधीही होती. त्याची खरी करामत वरच्या बर्थची, आणि १८६४ च्या त्या पेटंटमध्येही बेन फील्ड हा भागीदार होताच. दिवसा हा बर्थ गादी-उशा पोटात घेऊन छताच्या कोपऱ्यात दुमडून बसे. रात्री बिजागरीवर खाली येई. खालची समोरासमोरची बाकं सरकवून दुसरी शेज तयार होई. पडदा ओढला की झाली खोली.

पण फील्डचं नाव पुसलं गेलं आणि पुलमनचं राहिलं, ते भाड्यामुळे. तो डबे सहसा विकत नसे. रेल्वे कंपन्यांना चालवायला देई. डबा त्याचा, चादरी त्याच्या, नोकरही त्याचेच. गाडी कुणाचीही असो, डब्यावर नाव पुलमन.

हे नोकर म्हणजे पोर्टर. यादवी युद्धानंतर त्याने या कामावर गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीय लोक ठेवले. गुलामाला मालकाच्या नावाने हाक मारायची रीत होती. प्रवासी तीच पुढे चालवत प्रत्येक पोर्टरला ‘जॉर्ज’ म्हणत. १९१४ मध्ये याविरुद्ध एक संस्था निघाली, तीही कुणाची? आपल्या नावाची शोभा जाते म्हणून कुरकुरणाऱ्या गोऱ्या जॉर्जांची! पोर्टरांची स्वतःची संघटना १९२५ ची. ए. फिलिप रँडॉल्फ तिचे पुढारी. कंपनीला करारावर सही करायला १९३७ उजाडलं.

आडनावाने मात्र रूळही सोडले. इटलीत आज ‘पुलमन’ म्हणजे लांब पल्ल्याची बस. तिच्यात रात्र काढायची ती बसूनच.